चिकाची चरवी

त्या दिवसांत सायलीला विषय सुचत नव्हता आणि मला निमित्त. डेअरीच्या शेडपुढं एकाच बाकड्यावर बसून आम्ही आजी-नात आपापलं हुडकत होतो.

सायली माझ्या शिवशंकरची मुलगी. पुण्यात शिकली, तिथंच एका कंपनीत जाहिरातींचं काम केलं आणि मग बापाच्या डेअरीचं तूप आणि खवा आपणच लोकांपर्यंत पोचवायचा म्हणून परत आली. नेकनूरच्या रस्त्याला आमचा गोठा आहे, मागं खव्याची भट्टी. दिवसभर ती मोबाइल घेऊन हिंडायची. म्हशी धुताना व्हिडिओ, खवा घोटताना व्हिडिओ, तूप कढताना कसं बोलतं त्याचा व्हिडिओ. शिवाय आठवड्याला एक ब्लॉग लिहायची. ब्लॉग म्हणजे काय हे तिनं मला समजावून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे पत्रच की. पत्ता न घालता टाकलेलं."

"आजी, हे मी लिहिणार," ती म्हणाली आणि खरंच लिहिलं.

पण सहा महिन्यांत तिच्याजवळचं संपलं. म्हशी त्याच, भट्टी तीच. तूप माणूस किती वेळा कढताना बघणार?

"बघून कुणाचं पोट भरतं गं?" शिवशंकर तिला डिवचायचा. "गिऱ्हाईक तूप खाणार का व्हिडिओ?"

"बाबा, लोक आधी बघतात, मग घेतात."

"आमच्या वेळी आधी वास घ्यायचे."

"वास पाठवायची सोय झाली की तोही पाठवीन," ती म्हणायची आणि पुन्हा गोठ्यात जाऊन त्याच म्हशींकडं बघत उभी राहायची. मला तिची दया यायची. समोर सगळं असून काहीच दिसत नाही, असे दिवस माणसाला येतात.

माझं वेगळं होतं. आमच्याकडं गोठा झाडायला बबिता येते. गावातल्या बातम्या तीच आणते. एके दिवशी शेण भरता भरता म्हणाली, "कडूबाई चालली बरं का, मोठ्याबाई. तिच्या लेकानं, अंगदनं, माजलगावात दोन खोल्या बांधल्या. सामान गेलं बी टेंपोत. आता हप्त्याभरात म्हातारीला नेणार."

मी "हं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवशी माझ्या हातून दोनदा विरजण सांडलं.

कडूबाई आणि मी एकाच साली या गावात लग्न होऊन आलो. मी सुंदररावांच्या घरात, ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, सिदूच्या घरात. सिदूची मेंढरं होती. सुगी सरली की तो कळप आमच्या रानात बसवायचे. मेंढरं रात्रभर बसली की लेंड्यांचं खत पडतं, त्याच्या बदल्यात आमच्याकडून त्यांना धान्य. त्यांची न्याहारी घेऊन मी रानात जायची, तेव्हा कडू लोकर पिंजत बसलेली असायची. चारचौघांत ती मला मालकीण म्हणायची. बांधावर दोघीच असलो की केशर. नुसतं केशर, पुढं बाई नाही. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईनं तिचं नाव कडू ठेवलं होतं. कडू वस्तूला मरण तोंड लावत नाही म्हणे. "म्हणून तर मला गुळाचा खरवस लागतो गं," ती म्हणायची. "साखरेनं माजं भागत न्हाई."

आज मला आई म्हणणारे आहेत, आजी म्हणणारे आहेत, काकू आणि मोठ्याबाई म्हणणारे तर कितीतरी. केशर म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माजलगावला चाललं होतं.

आमच्यात भांडण नव्हतं. भांडण आमच्या माणसांचं होतं, तेही एका अक्षराचं.

मोठा दुष्काळ पडला त्या साली आमच्या ह्यांनी गावात जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. सरकारचा कागद मोठ्या जनावरांपुरता होता, गाई, बैल, म्हशी. एका सकाळी सिदू सगळा कळप घेऊन छावणीच्या दारात उभा राहिला. मेंढरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. हे म्हणाले, "सिदू, मेंढरं घेता येत न्हाईत." तालुक्याहून आलेली माणसं खुर्च्या टाकून बसलेली होती. सिदू म्हणाला, "कावून? मेंढरू जनावर न्हाई का बे?"

मागणीचा राग यांना आला नव्हता. मागणी रास्त होती, असं घरी येऊन तेच माझ्याजवळ म्हणाले. राग आला तो त्या 'बे'चा. बरोबरीच्या गड्यानं म्हटलं असतं तर हसले असते. पण परक्या माणसांपुढं, आपल्या रानात मेंढरं बसवणाऱ्यानं म्हटलं. त्या दिवशी ताटावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "त्या दारी आपलं भांडं जायचं न्हाई." आमच्या घरात त्यांचा शब्द फिरत नसे. सिदूनं कळप वडवणीच्या बाजारात मिळेल त्या भावात फुंकला. पुढं अंगद साखर कारखान्यावर कामाला लागला आणि त्या घरातली मेंढरं कायमची गेली.

त्याच्या थोडंच आधी आमची म्हैस व्याली होती आणि मी कडूकडं चीक धाडला होता. माझ्या लग्नातल्या पितळी चरवीतून. चरवी म्हणजे दुधाचं गोल, बुटकं भांडं. माझ्या वडलांनी तिच्या काठावर माझं नाव घालून दिलं होतं. ती चरवी परत आली नाही. घरात म्हणाले, दाबली. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, रागानं ठेवून घेतली असेल. आणि तसं वाटून बरंही वाटायचं. माझं भांडं तिच्या घरात आहे, तोवर आमचं काहीतरी शिल्लक आहे. म्हणून चरवी मागायला मी कधी कुणाला धाडलं नाही.

सिदू गेला. काही वर्षांनी हेही गेले. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. पण इतक्या वर्षांनी कुणाच्या दारात उभं राहायचं तर हातात काहीतरी लागतं, तोंडात पहिलं वाक्य लागतं. मला तेवढंच सुचत नव्हतं.

अशात आमची ठाणाची, घरच्याच गोठ्यात वाढलेली म्हैस व्याली. रेडी झाली. पहिला चीक रेडीला पाजला, मग बबिताच्या हाती घरोघरी धाडला. दुपारपर्यंत भांडी परत आली. सायली ती उचलून मोरीकडं नेत होती, मध्येच थांबली.

"शी! आजी, कुणी धुतली पण नाहीत. आणि यात गहू कशाला टाकलेत?"

"चिकाचं भांडं घेणाऱ्यानं धुवायचं नसतं. म्हशीचं दूध आटतं."

"आणि गहू?"

"भांडं रिकामं परत येत नाही."

"आलं तर?"

"येत नाही," मी म्हटलं.

तिनं एकेक भांडं उघडून पाहिलं. कुणी गहू घातले होते, कुणी मूठभर डाळ, कुणी गुळाचा खडा. एका नव्या सुनेनं बिस्किटाचा पुडा घातला होता.

"हाही चालतो?"

"चालतो की. रिकामं नाही ना?"

सायली तिथंच खाली बसली. डोळे असे झाले होते, जणू हरवलेलं काही सापडलं. "आजी, अगं हाच विषय! सहा महिने मी म्हशींच्या तोंडाकडं बघत बसले आणि विषय या भांड्यात होता. चीक जातो, धान्य येतं. एका मिनिटाचा व्हिडिओ आणि वर ब्लॉग. आणि मग आपण खरवसाचे डबे..."

"चीक विकत नसतात, सायली."

"का?"

"दूध विक, तूप विक, खवा विक. ते आपल्या कष्टाचं. चीक रेडकाचा, त्यातून उरला तर शेजाऱ्याचा. आपण मध्ये फक्त पोचवणारे."

"बरं, विकत नाही. दाखवते तरी," ती म्हणाली आणि लगेच तिचा हिशोब सुरू झाला. स्टीलचं भांडं चांगलं दिसणार नाही, पितळी काही आहे का?

"एक चरवी होती," मी म्हटलं. "आता नाही."

शेवटी तिनं माळ्यावरून पितळी तांब्या काढला, चिंचेनं घासला. मग घर कुठलं घ्यायचं? गल्लीत सगळीकडं फरशा आणि रंगीत गेटं. "ओढ्यापलीकडं ते दगडी घर आहे ना," ती म्हणाली, "पुढं कडुलिंबाचं झाड आहे, म्हाताऱ्या आजी बसलेल्या असतात. तिथं फार सुंदर होईल."

ती बीडच्या शाळेत वाढलेली. तिला काय ठाऊक?

शिवशंकर दाराशी चप्पल घालत होता. तो तसाच वळला. "तिथं नको."

"का?"

"आबांनी सांगितलेलं आहे."

सायली माझ्याकडं बघायला लागली. शिवशंकरही बघायला लागला. मला वाटतं, तो घाबरला होता. बापाला नाही, बाप कधीच गेला होता. माझ्या तोंडाला घाबरला असावा.

मी म्हटलं, "तुझ्या आबांनी मला सांगितलं होतं, भांडं धाडू नको म्हणून. या पोरीला नव्हतं सांगितलं. ती तेव्हा शाळेत होती. जाऊ दे तिला."

सायली गेली. मी दारातच बसून राहिले. चीक नासू नये म्हणून माणूस जसा घाई करतो, तशी मला आतून घाई झाली होती आणि करायला मात्र काहीच नव्हतं.

उन्हं कलताना ती परत आली. हातात पिशवी, पिशवीत ज्वारी, गुळाचा मोठा खडा आणि शेंगदाणे.

"आजी, त्या आजी कमाल आहेत! तीन टेक घ्यावे लागले आणि त्यांनी तीनही वेळा खरंखुरं काहीतरी घातलं. मी सांगितलं, नुसतं घातल्यासारखं करा. ऐकेचनात."

"काय म्हणाली?"

"तूच बघ. मी मोबाइल मध्ये बंदच केला नव्हता. सगळं आलंय."

तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. मी चष्मा पुसला. पडद्यावर लिंबाची सावली दिसली, मग उंबरा, आणि मग ती. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली, पण हनुवटी तशीच वर. मागं भिंतीला गाठोडी बांधून ठेवलेली. अंगदची मुलगी सुकन्या तिला न्यायला आलेली असावी, ती बाजूला उभी होती.

"कोणाची गं तू?" कडूनं विचारलं.

"शिवशंकरची. डेअरीवाले."

"म्हंजे केशरची नात."

इतकंच. मोबाइलमधून माझं नाव आलं आणि मला पुढचं थोडा वेळ ऐकूच आलं नाही. सायलीनं मागं नेऊन पुन्हा लावलं.

सायलीनं तांब्या पुढं केला. कडूनं दोन्ही हातांनी घेतला, आत गेली, रिकामा केला, ओंजळभर ज्वारी घालून आणला. मग सायलीचा आवाज, की ऊन तोंडावर येतंय, परत एकदा करू या. तिनं ज्वारी पिशवीत ओतली, कॅनमधलं दूध तांब्यात घेतलं. कडूनं घेतलं, आत गेली, डब्यांचा खडखडाट झाला, आणि गुळाचा खडा घेऊन आली. तेवढ्यात मध्येच कोंबडी आली. परत एकदा. आता मात्र सुकन्या बोलली.

"आजे, ती नाटक करतीया गं. दर बारीला कावून टाकतीस? डब्यात काय उरलंय? सगळं तर टेंपोत गेलं."

"नाटक तिचं असंल," कडू म्हणाली. "भांडं तर खरं हाय."

आणि तिनं शेंगदाणे घातले. डबा उपडा करून, तळाशी थाप मारून घातले. ते मला आवाजावरून कळलं.

मग सायली तिच्याजवळ पायरीवर बसली. ब्लॉगसाठी एखादी आठवण सांगा ना आजी, चिकाची, जुनी, असं म्हणाली. लिंबावर पोपटांचा कालवा चालला होता. मग कडू उठली आणि आतून एक फडकं घेऊन आली. उलगडलं. पितळ काळं पडलं होतं, जागोजाग हिरवं चढलं होतं, पण घाट मी ओळखला.

"ही तुज्या आजीची चरवी. दुस्काळात तिनं चीक धाडलता हिच्यात. बोटानं निपटून खाल्ला आमी, चौघांनी. चुलीवर चडवायचा बी धीर न्हवता. मग परत धाडायची तर घरात पसाभर जवारी न्हाई. गुळाचा खडा न्हाई. रिकामी कशी धाडू? म्हनलं, मेंढरू इकू, पसाभर दाणं आणू आनि धाडू. तवर त्या गड्यांचं झालं. मग जवारी आली घरात. पर तवर दारं बंद झालती."

"मग ही आत्ता द्या ना माझ्याकडं," सायली म्हणाली. "मी देते आजीला."

"न्हाई. जिचं भांडं तिच्या हातात दीन. तिनं यावं. आनि हे बघ, धुतलेली न्हाई मी. तशीच हाय. तुमची म्हस आटली असंल तर माज्यामुळं न्हाई."

पडद्यावरची कडू हसली. दात एकही नव्हता.

मी मोबाइल खाली ठेवला. राग नव्हता तर. इतकी वर्षं मी त्या रागाच्या भरवशावर बसले होते, आणि तिकडं तिच्या घरात फक्त पसाभर ज्वारी नव्हती. आमच्या कणगीत त्या साली ज्वारी होती. ओढा ओलांडला की तिचं घर. आणि चरवी दाबली, चरवी दाबली, असं आमच्या चुलीपुढं म्हटलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या चिकाचा खरवस केला. गुळाचा. वेलची घातली नाही, तिला आवडत नसे. सायली डबा शोधायला लागली, तर मी तिला शेताच्या कडेहून पळसाची पानं आणायला लावली आणि खरवस पानात बांधून घेतला. भांडं नेलं असतं तर ते तिला भरून द्यावं लागलं असतं, आणि तिच्या डब्यांचे आवाज मी ऐकले होते.

सायलीनं स्कूटी काढली. मी मागं आडवी बसले, एका हातात पानाची पुडी. ओढ्याच्या अलीकडं तिनं गाडी हळू केली आणि मान न वळवता म्हणाली, "आजी, मी शूट करू का? लांबूनच. तुम्ही दोघी भेटता, ती चरवी देते. असा शेवट परत मिळणार नाही. मी सहा महिने हेच शोधत होते गं."

तिचं खोटं नव्हतं. तिच्या कामात याच्यापेक्षा मोठं काही तिला मिळालं नसतं, हे मलाही कळत होतं.

मी म्हटलं, "सायली, चीक विकत नसतात."

ओढा ओलांडून गेल्यावर तिनं मोबाइल काढला, बंद केला आणि स्कूटीच्या डिकीत टाकून दिला.

कडू लिंबाखाली बसली होती. मी गाडीवरून उतरले तेव्हा तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. उठली नाही.

"केशर, आलीस व्हय."

"आले."

"लई लवकर आलीस."

मी तिच्याजवळ बसले. गुडघे मोडता मोडता दोघींच्या तोंडून एकदमच "आई गं" निघालं आणि सुकन्या फिसकन हसली. मी पुडी पुढं केली.

"पानात कावून?" कडू म्हणाली. "भांडी सरली का घरातली?"

"एक तुझ्याकडं अडकलंय."

"अडकलं न्हाई, ठिवलंय." तिनं पान सोडलं, एक तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून घोळवत राहिली. "गुळाचा केलास."

"तुला साखरेचा चालतो का?"

बराच वेळ आम्ही खाल्लं. काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. सिदूचं मात्र लिहिते. ती म्हणाली, "कळप गेला त्याचं त्यानं येवडं मनाला लावून घेतलं न्हाई. त्या 'बे'चं लावून घेतलं. मरूस्तवर म्हनायचा, तोंडातून गेलं माज्या, जीब आवरायला पायजे हुती."

मी सांगितलं, "हे त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, सिदूचं खरं आहे, मेंढरं घ्यायला पाहिजेत म्हणून."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुला?"

"त्याला."

लिंबाची पिकली पानं पडत होती. एक तिच्या पदरावर पडलं, तिनं ते उचलून बाजूला ठेवलं. ज्यांच्याजवळ याचं उत्तर होतं, ते दोघेही बोलण्यापलीकडं गेले होते. एकाला एक अक्षर परत घेता आलं नाही आणि दुसऱ्याला एक वाक्य देता आलं नाही. गडीमाणसं.

मग कडू भिंतीला धरून उठली. "आण गं सुकन्या, ती चरवी आण."

फडकं उलगडून तिनं चरवी हातात घेतली. काठावरच्या हिरव्यातून माझं नाव दिसत होतं. ती चरवी घेऊन आत गेली. डब्यांची झाकणं निघाली, लागली. पुन्हा निघाली. मग शांत झालं. ती दारात आली तेव्हा चरवी रिकामीच होती.

"तुज्या नातीनं नेलं की सगळं," ती म्हणाली. "तीनदा. आता घरात काय न्हाई."

"आजे, मी पळत जाते, दुकानातून तांदूळ आणते," सुकन्या म्हणाली.

सायली म्हणाली, "मी जाते ना गाडीवर, पाच मिनिटांत."

मी म्हटलं, "थांबा गं दोघी."

कडू माझ्याकडं बघत उभी होती. चरवी पोटाशी धरलेली. मला तिच्या हातांकडं बघून एकच कळत होतं. आत्ता या भांड्यात मूठभर तांदूळ पडले आणि ते माझ्या हातात आलं की आमचं सगळं फिटलं. ती माजलगावला, मी इथं. मग मध्ये काही उरत नाही.

"राहू दे तुझ्याकडंच," मी म्हटलं.

"रिकामी नेत न्हाईस?"

"तू देशील का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

तिनं चरवी फिरवून पाहिली. "माजलगावला न्यावी लागंल मंग."

"ने."

"तिकडं धरणाचं पाणी हाय. ऊसच ऊस. अंगद म्हनतो, आडत बाजारात जवारी बी येती चांगली, टपोरी." थोडं थांबून म्हणाली, "येशील व्हय न्यायला?"

"माझं भांडं आहे. यावंच लागेल."

आमच्या वयाला असे वायदे करू नयेत, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघींनी ते ठाऊक नसल्यासारखं केलं.

निघताना ती म्हणाली, "घासू का आता हिला? माजलगावात शेजारच्या बाया हसतील, काळं भांडं बघून."

"नको. दूध आटेल आमच्या म्हशीचं."

"तुजी म्हस लई नाजूक बाई," कडू म्हणाली.

सायलीनं व्हिडिओ टाकला. त्यात कडूचं तोंड नाही, नुसते हात आहेत. तांब्या आत जातो, ज्वारी घेऊन बाहेर येतो. आत जातो, गूळ घेऊन येतो. आत जातो, शेंगदाणे घेऊन येतो. तीनही टेक तिनं तसेच एकापुढं एक ठेवले. चरवीचं तिनं कुठं काही लिहिलं नाही. ब्लॉगमध्ये भांडं रिकामं का येत नाही एवढंच लिहिलं आणि शेवटी लिहिलं की हे मला कुणी नीट सांगू शकलेलं नाही. लोकांनी पुष्कळ बघितला. खाली विचारायला लागले, खरवस कुठं मिळेल, किलोचा काय भाव. सायली प्रत्येकाला एकच उत्तर लिहीत होती, विकायचा नाही.

"मग व्हिडिओ कशाला केलास?" शिवशंकर म्हणाला. पण तुपाची मागणी वाढलेली त्यानंही पाहिली होती, त्यामुळं आवाजात जोर नव्हता.

कडू गेली त्या दिवशी अंगदचा टेंपो आमच्या शेडपुढून गेला. ती पुढं बसली होती, मांडीवर फडक्याचं गाठोडं. टेंपो थांबला नाही. रस्त्याला चढ आहे, थांबला तर परत उठत नाही. तिनं काचेतून हात वर केला आणि काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात शब्द कळला नाही. पण तो चार अक्षरी 'मालकीण' नव्हता, चांगला तीन अक्षरी होता, हे मी तोंडाच्या हालचालीवरून सांगू शकते.

मी चौकशी करून ठेवली आहे. इथून बीड, बीडहून वडवणी, तिथून माजलगाव. वडवणीला गाडी बराच वेळ थांबते म्हणतात. सायली म्हणते, मी नेते तुला. मी तिला म्हटलं, पौषात दुसरी म्हैस विणार आहे, ती विऊ दे. चीक घेऊन जाऊ.

"कशात नेणार?" तिनं विचारलं. "भांड्यात नेलास तर तेही तिकडंच राहील."

"राहू दे की," मी म्हटलं.